सर्व्हरवर पॅकेज इन्स्टॉल फसतं तेव्हा: लाल परवडतो, खोटा हिरवा नाही

२४ एप्रिल २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने कोटक महिंद्रा बँकेला ऑनलाइन आणि मोबाइल बँकिंगमधून नवे ग्राहक घ्यायला आणि नवी क्रेडिट कार्डं द्यायला मनाई केली. घरबसल्या मोबाइलवरून खातं उघडायची सवय लागलेल्या पिढीला ही बातमी थेट भिडणारी होती. पण चर्चा झाली ती मुख्यतः शेअर किती पडला याची. रिझर्व्ह बँकेच्या पत्रकात २०२२ आणि २०२३ च्या तपासणीत सापडलेल्या त्रुटींची यादी होती, आणि यादीच्या सुरुवातीलाच होतं आयटी इन्व्हेंटरी मॅनेजमेंट, त्यापाठोपाठ पॅच अँड चेंज मॅनेजमेंट. साध्या भाषेत सांगायचं तर आपल्याकडे कुठली मशिन्स आहेत, त्यांवर काय काय इन्स्टॉल केलंय आणि अपडेट कसे जातात, याचा हिशोब. बंदी उठली १२ फेब्रुवारी २०२५ ला, म्हणजे साडेनऊ महिन्यांनी.

हा लेख कोटकवर नाही. प्रश्न असा आहे की 'काय काय इन्स्टॉल केलंय' हे माहीत असणं इतकं अवघड का असावं? त्यासाठी तर खास टूल्स आहेत. ॲन्सिबल, पपेट, शेफ, सॉल्ट ही नावं आयटीत काम करणाऱ्या तुमच्या दादा-ताईकडून कधीतरी कानावर पडली असतील. हजारो सर्व्हरवर एकाच वेळी पॅकेज बसवणं हेच त्यांचं काम. मग इन्स्टॉल फसलं तर ही टूल्स नेमकं करतात काय? उत्तर प्रत्येकाचं वेगळं आहे. आणि तुमचं पेमेंट अडकणार की जाणार, हे कधी कधी त्या उत्तरावर ठरतं.

फोनवर हे सोपं का वाटतं

फोनवर ॲप अपडेट होताना मध्येच नेट गेलं तर काय होतं? विशेष काही नाही. जुनं ॲप तसंच चालू राहतं. फाइल पूर्ण उतरली, डिजिटल सही जुळली, जागा पुरली, तरच अँड्रॉइड नवं व्हर्जन बसवतं. नाहीतर 'ॲप नॉट इन्स्टॉल्ड' म्हणून हात वर करतं. अर्धवट बसलेलं ॲप तुम्हाला सहसा दिसत नाही. अख्ख्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठीही २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून दोन कप्प्यांची सोय आली. एका कप्प्यावर फोन चालू असतो, नवी सिस्टिम दुसऱ्या कप्प्यात बसते, आणि रीस्टार्टनंतर ती उभी राहिली नाही तर फोन जुन्या कप्प्यावर परत येतो.

सर्व्हर बहुतेक लिनक्सवर चालतात, आणि तिथली नेहमीची पद्धत इतकी लाडाची नाही. एप्ट किंवा यम हे प्रोग्रॅम चालू सिस्टिमवरच नव्या फाइली उलगडतात, मग त्या पॅकेजच्या छोट्या स्क्रिप्ट चालवतात. मध्येच वीज गेली, डिस्क भरली किंवा स्क्रिप्ट अडखळली, तर पॅकेज अर्धवट राहू शकतं. डेबियन आणि उबुंटूमध्ये या अवस्थेला चक्क 'हाफ कॉन्फिगर्ड' असं अधिकृत नाव आहे. लग्न ठरलं, पत्रिका छापल्या, आणि मुहूर्त टळला. ते निस्तरल्याशिवाय त्या मशीनवर पुढचं पॅकेजही बऱ्याचदा बसत नाही.

फसण्याची कारणं तशी रोजचीच. दोन प्रोग्रॅम एकाच वेळी पॅकेज बसवायला गेले तर एकाला लॉक मिळतो, दुसरा बाहेर ताटकळतो. नव्या क्लाउड सर्व्हरवर हे हमखास होतं, कारण सुरू झाल्या झाल्या उबुंटूचे आपोआप होणारे अपडेट आधी लॉक पकडून बसलेले असतात. कधी ज्या रिपॉझिटरीतून पॅकेज यायचं तीच बंद असते. कधी सही तपासायची किल्ली जुनी झालेली असते. कधी एका पॅकेजला लागणारं दुसरं पॅकेज नको त्या व्हर्जनचं निघतं.

चार टूल्स, चार स्वभाव

या टूल्सच्या मागचा विचार जुना आहे. मार्क बर्जेस यांनी १९९३ मध्ये ऑस्लो विद्यापीठात सीएफएंजिन लिहिलं. नंतर २००५ मध्ये पपेट, २००९ मध्ये शेफ, २०११ मध्ये सॉल्ट आणि २०१२ मध्ये ॲन्सिबल आलं. सगळ्यांची मूळ कल्पना जवळपास सारखी: 'हे कर, मग ते कर' असं सांगण्याऐवजी 'मशीन शेवटी असं दिसलं पाहिजे' असं लिहायचं. 'एनजिनएक्स बसलेलं असावं' असं लिहिलं की टूल जाऊन बघतं. असेल तर पुढे, नसेल तर बसवतं. कितीही वेळा चालवा, निकाल तोच यायला हवा.

बसवता आलं नाही तर? ॲन्सिबल त्या सर्व्हरपुरतं काम तिथेच थांबवतं आणि बाकीच्या सर्व्हरवर पुढे जातं. शंभरातले तीन फसले तर उरलेले ९७ पूर्ण होतात आणि शेवटी तीन लाल ओळी दिसतात. पपेटचा स्वभाव वेगळा. जे पॅकेज फसलं, त्यावर अवलंबून असलेल्या गोष्टी ते सोडून देतं, पण त्याच सर्व्हरवरची इतर, संबंध नसलेली कामं चालू ठेवतं. शिवाय पपेटचा एजंट नेहमीच्या सेटिंगमध्ये दर ३० मिनिटांनी पुन्हा येतो, त्यामुळे तात्पुरती अडचण असेल तर पुढच्या फेरीत आपोआप सुटते. शेफ त्या मानाने तापट आहे. एक गोष्ट फसली की त्या मशीनवरची पुढची कामं बंद. सॉल्ट मात्र तुम्ही 'हे झालं तरच ते कर' असं स्पष्ट लिहिलं नसेल, तर पुढच्या ओळींकडे वळतं.

यातलं बरोबर कोण? मला विचाराल तर बँकेच्या सर्व्हरसाठी थांबणारं टूल बरं, कॉलेजच्या लॅबमधल्या ६० कॉम्प्युटरसाठी पुढे जाणारं. लॅबमध्ये एका मशीनवर पायथन बसलं नाही म्हणून सगळा वर्ग ताटकळत ठेवण्यात अर्थ नाही.

पण एक गोष्ट चौघांनाही लागू आहे आणि नवख्या मुलांना ती धक्का देते: नेहमीच्या वापरात यातलं एकही टूल मागे जात नाही. दहा पायऱ्यांपैकी सातवी फसली, तर पहिल्या सहा तशाच राहतात. तुम्ही अनडू लिहून ठेवलं नसेल तर अनडू नाही. त्यांची अपेक्षा असते की तुम्ही कारण दुरुस्त कराल आणि परत चालवाल, मग सगळं जागेवर येईल. बहुतेक वेळा येतंही.

परत चालवलं, हिरवं झालं, पण काम झालंच नाही

बहुतेक वेळा येतं, नेहमी नाही. इथे जरा थांबून एक उदाहरण नीट बघू, कारण अनुभवी लोकही यात अडकतात.

समजा ओपनएसएसएल या सुरक्षेच्या लायब्ररीत मोठं भगदाड सापडलं. २०१४ च्या एप्रिलमध्ये हार्टब्लीड नावाने सापडलं होतं तसं. तुम्ही ॲन्सिबलमध्ये लिहिता: ओपनएसएसएल अपडेट कर, आणि ते बदललं तर वेब सर्व्हर रीस्टार्ट कर. हा रीस्टार्ट महत्त्वाचा. चालू असलेल्या प्रोग्रॅमच्या मेमरीत जुनी लायब्ररी आधीच चढलेली असते. डिस्कवरची फाइल बदलली तरी तो जुनीच वापरत राहतो.

ॲन्सिबलमध्ये असं रीस्टार्टचं काम 'हँडलर'कडे असतं, आणि हँडलर सहसा सगळी कामं झाल्यावर शेवटी चालतो. आता पहिल्या पायरीत ओपनएसएसएल अपडेट झालं. हँडलरला निरोप गेला. पाचव्या पायरीत भलतंच एक पॅकेज फसलं. त्या सर्व्हरवरचं काम थांबलं, आणि हँडलर चाललाच नाही. स्क्रीन लाल. तुम्ही पाचवी पायरी दुरुस्त करून पुन्हा चालवता. पहिल्या पायरीला टूल बघतं की ओपनएसएसएल तर नवंच आहे, काही बदलायचं नाही. काही बदललं नाही म्हणून हँडलरला निरोपही जात नाही. स्क्रीन हिरवी, आणि वेब सर्व्हर अजून जुन्या, भोक असलेल्या लायब्ररीवरच चालू.

टूलने खोटं सांगितलेलं नाही. 'पॅकेज नवं आहे' हे खरंच आहे. तुम्हाला जे विचारायचं होतं ते तुम्ही त्याला विचारलंच नव्हतं. यावर उपाय आहेत. ॲन्सिबलमध्ये काही फसलं तरी हँडलर चालवाच असं सांगता येतं, काही पॅकेजेस बसताना स्वतःच सर्व्हिस रीस्टार्ट करतात, आणि उबुंटूवर जुनी लायब्ररी धरून बसलेले प्रोग्रॅम शोधणारं नीडरीस्टार्ट नावाचं साधनही असतं. पण हे सगळं कुणाला तरी आधी सुचायला लागतं.

यापेक्षा वाईट म्हणजे 'इग्नोर एरर्स'. ही एक ओळ लिहिली की ॲन्सिबल फसलेली पायरी मोजतं, पण पुढे जातं. रात्री दोन वाजता, उद्या सकाळी लाँच असताना, ही ओळ लिहायचा मोह कुणाला होत नाही? अडचण अशी की ती नंतर काढायचं राहून जातं. सहा महिन्यांनी नवीन माणूस येतो, त्याला शेवटच्या ओळीत 'इग्नोर्ड' हा आकडा दिसतो, आणि तो समजतो की इथे असंच असतं. पुन्हा पुन्हा प्रयत्न करायला सांगणं त्यापेक्षा कितीतरी बरं. लॉक अडला असेल किंवा नेट क्षणभर गेलं असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात काम होतं. पण रिपॉझिटरीच गेली असेल तर शंभर प्रयत्नही कमीच.

रिपॉझिटरी खरोखर गेल्याचं ताजं उदाहरण सेंटओएस ७ चं. जगभरातल्या, आपल्याकडच्याही, असंख्य कंपन्यांचे सर्व्हर या मोफत लिनक्सवर होते. ३० जून २०२४ ला त्याचा पाठिंबा संपला, आणि पॅकेजेस कुठून घ्यायची ते सांगणारा मिररलिस्टचा पत्ताही बंद झाला. जुनी पॅकेजेस 'व्हॉल्ट' नावाच्या संग्रहात हलवली गेली. तारीख कित्येक वर्षं आधी जाहीर होती, तरी यम अचानक चालेना म्हणून जुलैमध्ये धावपळ झालीच.

आता पपेटच्या नजरेतून बघा. 'पॅकेज असावं' एवढंच लिहिलं असेल, तर आधीच बसवलेल्या सर्व्हरवर ते स्थानिक यादी बघतं आणि समाधानाने निघून जातं. नेटवर जायची गरजच पडत नाही, सगळं हिरवं. लाल दिसतं ते फक्त नवा सर्व्हर उभा करताना. आणि नवा सर्व्हर कधी उभा करावा लागतो? जुना कोसळल्यावर, किंवा सणासुदीच्या सेलला गर्दी वाढल्यावर. नेमक्या त्या वेळी कळतं की आपला सेटअप कित्येक महिन्यांपासून मोडलेला आहे.

इन्स्टॉल यशस्वी, कंपनी आडवी

उलटी बाजूही आहे. ८ मार्च २०२३ ला, आपल्याकडे सकाळचे साडेअकरा वाजले असताना, डेटाडॉग ही अमेरिकन कंपनी आडवी झाली. दुसऱ्या कंपन्यांच्या सर्व्हरवर नजर ठेवणं हा तिचा धंदा. तिचे हजारो सर्व्हर, वेगवेगळ्या क्लाउडवरचे आणि वेगवेगळ्या खंडांतले, जवळपास एकाच तासात नेटवर्कवरून गायब झाले. पूर्ण सावरायला दिवसाहून जास्त वेळ लागला, आणि कंपनीने नंतर सुमारे ५० लाख डॉलरचं उत्पन्न बुडाल्याचं सांगितलं.

कारण काय? एक पॅकेज व्यवस्थित इन्स्टॉल झालं होतं. उबुंटू २२.०४ वर सिस्टिमडीचा सुरक्षा अपडेट आपोआप बसला, त्यामुळे नेटवर्क सांभाळणारा त्याचा भाग रीस्टार्ट झाला, आणि त्याने डेटाडॉगने स्वतः घातलेले नेटवर्कचे नियम 'हे माझे नाहीत' म्हणून पुसून टाकले. नवा सर्व्हर सुरू करताना हे कधीच दिसत नव्हतं, कारण तेव्हा सिस्टिमडी आधी सुरू होतं आणि नियम नंतर घातले जातात. चालू सर्व्हरवर मध्येच रीस्टार्ट झाल्यावरच हा घोटाळा उघड होणार होता.

मला यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. डेटाडॉग आपले बदल हळूहळू, एकेका भागात पाठवत होतं. पण उबुंटूचा आपोआप अपडेट करणारा जुना मार्ग मागच्या दाराने चालूच राहिला होता. तो सगळ्या सर्व्हरवर दिवसाच्या त्याच एका तासात चालायचा. पुढच्या दाराला कुलूप, मागचं सताड उघडं. कंपनीने नंतर तो मार्ग बंद केला.

१९ जुलै २०२४ चा क्राउडस्ट्राइकचा गोंधळ तर तुम्हाला आठवत असेलच. मुंबई, दिल्ली, हैदराबादच्या विमानतळांवर रांगा लागल्या, आणि हाताने लिहिलेल्या बोर्डिंग पासचे फोटो फिरले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख विंडोज मशिन्स बंद पडली. बिघडलेली फाइल क्राउडस्ट्राइकने ७८ मिनिटांत मागे घेतली, पण ती ज्यांच्यापर्यंत पोचली होती ती मशिन्स सुरूच होईनात, मग मागे घेतलेली फाइल पोचणार कशी? तिथेही मागचं दार होतं. अनेक कंपन्यांनी 'आम्हाला सॉफ्टवेअर एक व्हर्जन मागे ठेवा' असं सेटिंग केलेलं होतं. ते मुख्य सॉफ्टवेअरला लागू होतं. ही फाइल 'कंटेंट' प्रकारची असल्याने ती त्या सेटिंगला वळसा घालून सगळीकडे एकदम गेली. कंटेंट टप्प्याटप्प्याने पाठवण्याची आणि त्यावर ग्राहकाला ताबा देण्याची सोय कंपनीने त्यानंतर जाहीर केली.

मग अपडेट थांबवायचे का?

अशा बातम्या वाचून 'आपोआप अपडेट बंदच ठेवा' म्हणणारे बरेच भेटतात. फोनबाबत तर घरोघरी. हा उपाय रोगापेक्षा महाग आहे. अमेरिकेतल्या इक्विफॅक्सचं उदाहरण घ्या. अपाचे स्ट्रट्स या सॉफ्टवेअरचा पॅच ७ मार्च २०१७ ला आला. कंपनीत 'तातडीने बसवा' असा निरोप फिरला, १५ मार्चला स्कॅनही झालं, पण ज्या सिस्टिमवर जुनं व्हर्जन होतं ती स्कॅनमध्ये दिसलीच नाही. स्क्रीन हिरवी. मे महिन्यात हल्लेखोर आत शिरले आणि सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. रिझर्व्ह बँकेच्या यादीत इन्व्हेंटरी आणि पॅच शेजारी शेजारी का आहेत, ते इथे कळतं. जे मशीन यादीतच नाही, त्यावरचं इन्स्टॉल फसल्याचं कुठलंच टूल सांगू शकत नाही.

सध्या चांगल्या टीम करतात ते असं. ॲन्सिबलमध्ये 'सिरियल' लावून आधी दोन सर्व्हर, मग दहा, मग बाकीचे. 'मॅक्स फेल पर्सेंटेज' लावून ठरावीक टक्क्यांहून जास्त फसले तर सगळंच थांबवायचं. पॅकेजचं नेमकं व्हर्जन लिहायचं, 'लेटेस्ट' नाही, आणि ती पॅकेजेस आपल्याच संग्रहात साठवून ठेवायची, म्हणजे बाहेरचा पत्ता बंद पडला तरी नवा सर्व्हर उभा राहतो. शेवटी पॅकेज बसलं का यावर न थांबता सर्व्हिस खरंच उत्तर देतेय का, आणि नव्या व्हर्जनने देतेय का, हे विचारायचं. शेवटची पायरी सगळ्यात स्वस्त आहे आणि सगळ्यात जास्त वगळली जाते.

दुसरा प्रवाह फोनच्या दिशेने निघालाय. चालू सर्व्हरवर पॅकेज बसवायचंच नाही. सगळं आधीच बसवलेली एक इमेज तयार करायची, तपासायची, आणि जुना सर्व्हर काढून त्याजागी नवा आणायचा. इन्स्टॉल फसलं तर ते कारखान्यातच फसतं, ग्राहकापुढे नाही. निक्सओएस नावाचं लिनक्स तर प्रत्येक बदलाची वेगळी आवृत्ती ठेवतं आणि बूट करताना मागची निवडू देतं. मात्र इमेज बनवतानाही आत कुठेतरी कुणीतरी एप्ट चालवतंच, आणि तिथे 'इग्नोर एरर्स' लिहिलं असेल तर आजार फक्त एक मजला वर सरकतो.

कॉलेजात असाल आणि या क्षेत्रात जायचा विचार असेल, तर हे सगळं लॅपटॉपवर फुकटात करून बघता येतं. दोन व्हर्च्युअल मशिन्स घ्या, ॲन्सिबलने दोन्हींवर एनजिनएक्स बसवा. मग वेब सर्व्हर रीस्टार्ट करायला लावणारा एक बदल करा, त्याच्या पुढच्या पायरीला मुद्दाम चुकीच्या नावाचं पॅकेज लिहा, चालवा, नाव दुरुस्त करा, पुन्हा चालवा. स्क्रीन हिरवी झाल्यावर एनजिनएक्सची प्रोसेस कधी सुरू झालीय ती वेळ बघा. ती वेळ जुनीच असेल.